नव्या गाडीत पेट्रोलचा काटा चुकतोय? आधी तो कधी चुकतो ते बघा

वर्ष-दीड वर्षाची गाडी, वॉरंटी शिल्लक, रंगावर ओरखडा नाही, आणि पेट्रोलचा काटा मात्र मनाला येईल ते दाखवतो. साताऱ्यात गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो, त्यामुळे ही तक्रार सारखी येते. ग्राहक गाडीतून उतरायच्या आत माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कधी चुकतो?" किती चुकतो ते नंतर. पेट्रोल भरल्यावर, घाटात, खड्ड्यात की पावसात, एवढं कळलं तरी कुठं हात घालायचा ते बरंचसं ठरतं. लोक उलट करतात. थेट टाकीतला फ्लोट (पातळी मोजणारा तरंगता भाग) बदलायला सांगतात, काही हजार घालवतात आणि महिन्यानं तीच तक्रार घेऊन परत येतात.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते ठरवा. दोन असतील तर दोन्ही लिहून ठेवा.

- पेट्रोल टाकलं तरी काटा जागचा हलत नाही, किंवा बराच वेळ गाडी चालल्यावर हळूहळू वर येतो.
- टाकी फुल केल्यावर पहिली कांडी (डिजिटल काट्यावरची एक रेघ) जाता जात नाही आणि अर्ध्याखाली आल्यावर भराभर उतरतात.
- चढावर, उतारावर किंवा तिरकी लावल्यावर कांडी कमी-जास्त होते. सपाटीवर आलं की ठिकाणावर.
- खड्ड्यात आदळलं की काटा एकदम शून्यावर जातो, रिझर्व्हचा दिवा लागतो, थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यासारखं.
- काटा एकाच जागी चिकटून बसलाय.
- एका ठरावीक पातळीलाच, समजा पाव टाकीच्या आसपास, उड्या मारतो. त्याच्या वर आणि खाली ठीक.
- ब्रेक दाबला किंवा दिवे लावले की काटा हलतो.
- पावसात किंवा गाडी धुतल्यावरच बिघडतो.
- काट्याबरोबर घड्याळ, टेंपरेचर, सगळा डिस्प्लेच लुकलुकतो.

पहिली तीन लक्षणं असतील तर बहुतेक वेळा गाडीत बिघाड नसतोच. शेवटचं असेल तर बॅटरीचं टर्मिनल किंवा डॅशबोर्डवरचं मीटर. मधली सगळी वायर, कपलर (दोन वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा सॉकेट) आणि फ्लोट यांची.

काटा मोजतो कसा

टाकीत पंपाच्या युनिटलाच एक दांडी असते, तिच्या टोकाला तरंगणारा फ्लोट. पेट्रोल कमी झालं की दांडी खाली येते आणि तिच्या दुसऱ्या टोकाची बारीक पत्री एका रेझिस्टन्स पट्टीवरून सरकते. त्या पट्टीचा रेझिस्टन्स किती, यावरून मीटरला कळतं टाकीत किती आहे. म्हणजे मोजली जाते ती एका जागची उंची, लिटर नव्हे. आणि आजकालच्या प्लॅस्टिकच्या टाक्या सीटखाली, एक्झॉस्टला आणि अॅक्सलला वाट देत बसवलेल्या असतात. कुठं फुगीर, कुठं चिंचोळ्या. फुल टाकीत तर फ्लोट वर टेकलेला असतो, त्याच्या वरचं पेट्रोल आणि नळीतलं पेट्रोल संपेपर्यंत काटा हलणारच नाही. पहिली कांडी शंभर किलोमीटर आणि शेवटची साठ, यात आश्चर्य काही नाही.

दुसरं, पेट्रोल टाकीत सारखं हिंदकळतं. काटा त्याच्याबरोबर नाचू नये म्हणून मीटरचं सॉफ्टवेअर काही वेळाची सरासरी काढून दाखवतं. हे डोक्यात ठेवा, पुढच्या दोन तपासण्या यावरच आहेत.

फुकटातल्या तपासण्या

पेट्रोल भरताना इग्निशन पूर्ण बंद करा. पंपावर लोक इंजिन बंद करतात, पण गाणी चालू राहावीत म्हणून चावी ऑनच ठेवतात. चावी ऑन असली की मीटरला वाटतं गाडी चालूच आहे, आणि टाकीतली वाढ तो हिंदकळणं समजून हळूहळू दाखवतो. बंद करून पुन्हा चालू केलं तर बऱ्याच गाड्या पातळी नव्यानं वाचतात.

आणि "दोनशेचं टाक" ही सवय. लिटरला शंभराच्या वर भाव आहे, म्हणजे दोनशेत दोन लिटरही येत नाही. इतकी थोडी वाढ बऱ्याच मीटरना 'पेट्रोल भरलं' म्हणून ओळखताच येत नाही. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेलं मी क्वचितच पाहिलंय. एकदा दहा लिटर किंवा जास्त, चावी बंद ठेवून भरा. काटा व्यवस्थित वर आला तर विषय संपला.

मग गाडी सपाट जागी लावून, पाच मिनिटं थांबून, चावी ऑन करून काटा बघा. आमच्याकडे यवतेश्वरच्या चढावर घरं असलेल्यांची ही नेहमीची तक्रार: रात्री तीन कांड्या होत्या, सकाळी दोनच, कुणी पेट्रोल काढलं का? कुणी काढलेलं नसतं. टाकीतलं पेट्रोल उताराच्या बाजूला सरकलेलं असतं आणि फ्लोट एकाच जागी आहे. घराची जागा बदलता येत नसेल तर गाडीचं तोंड उलटं करून एक रात्र लावा. चूक उलट्या बाजूला गेली, म्हणजे कमी दाखवत होता तो आता जास्त दाखवायला लागला, तर दोष उताराचा.

लिटरचा हिशेब

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त लोक हीच टाळतात. काटा चुकतो म्हणायचं तर कशाच्या तुलनेत चुकतो ते दाखवावं लागेल.

टाकी पहिल्या ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा. त्यानंतर पंपवाल्याला राऊंड फिगरसाठी दाबू देऊ नका. जादा पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जातं, त्याचा वेगळाच ताप होतो. ट्रिप मीटर शून्य करा. काटा पावावर येईपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा. मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलनं, पुन्हा पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. किती लिटर बसलं, किती किलोमीटर झाले, काटा कुठं होता, तिन्ही लिहा. काट्याचा फोटो काढला तर उत्तम.

समजा टाकी ३७ लिटरची आहे. काटा पावावर असताना साधारण २६ ते २९ लिटर बसायला हवं. ऑटो कट दरवेळी एकाच ठिकाणी होत नाही, म्हणून लिटर-दोन लिटरचा फरक सोडून द्या. पण पावावर असताना ३४-३५ बसत असेल तर काटा जास्त दाखवतोय, आणि हे धोक्याचं. एखाद्या दिवशी कांडी शिल्लक असताना घाटात गाडी बंद पडेल. उलट १८-१९ च बसत असेल तर तो कमी दाखवतोय. त्रासदायक आहे, पण रस्त्यात अडकवणार नाही. असं दोन-तीन वेळा करा. चूक दरवेळी सारखीच आली तर मोजमापाचा दोष, दरवेळी वेगळी आली तर कुठंतरी ढिलं कनेक्शन आहे असं धरून पुढं जायचं.

काटा शून्यावर नेऊन, गाडी बंद पडेपर्यंत चालवून बघू नका. टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो.

इथं हमखास येणारा वाद: "३७ च्या टाकीत ३९ लिटर कसं बसलं, पंपवाला चोर आहे." कंपनी सांगते ती क्षमता वाफेसाठी जागा सोडून असते, त्यामुळे काठोकाठ भरलं तर दोन-तीन लिटर जास्त जाऊ शकतं. पंपाबद्दल शंका असेलच तर प्रत्येक पंपावर वैध मापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप असतं. मागा, त्यांनी दाखवायलाच हवं. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो.

'अजून इतके किलोमीटर जाईल' हा आकडा काट्याची साक्ष म्हणून धरू नका. तो तुमच्या मागच्या काही किलोमीटरच्या अॅव्हरेजवरून काढलेला अंदाज असतो. महाबळेश्वर चढून आलात की तो घसरतो, हायवेला लागलात की वाढतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ई-२० वर (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) अॅव्हरेज थोडं उतरतं, आणि त्याचा राग काट्यावर निघतो.

गाडीत काय काय बसवलंय?

हिशेबात चूक सापडली तर गाडीकडे बघण्याआधी गाडीचा इतिहास बघा. नव्या गाडीत फ्लोट झिजायला वेळच मिळालेला नसतो. मिळालेला असतो तो अॅक्सेसरीवाल्यांना हात घालायला.

माझ्याकडच्या नव्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार निघतं ते सीट कव्हर. कव्हर घट्ट ओढायला मागचं सीट काढतात. बऱ्याच गाड्यांत पंप आणि फ्लोटचं कपलर त्या सीटच्या बरोबर खाली, एका गोल किंवा चौकोनी झाकणाखाली असतं. सीट उचलताना हार्नेस (वायरींचा जुडगा) ओढला जातो, बसवताना वायर सीटच्या लोखंडी हुकाखाली येते. वरून सगळं छान दिसतं. सीट काढल्यावर दिसतं ते असं: काळ्या टेपवर हुकाचा चपटा ठसा, टेप सोलली की आत एका वायरचं इन्सुलेशन कापलेलं आणि तांब्याच्या चार-दोन तारा उघड्या. मागं कुणी जड माणूस बसला की तारा बॉडीला टेकतात आणि काटा उडी मारतो. "बायको-मुलं मागं असली की पेट्रोल बिघडतं," असं एका ग्राहकानं सांगितलं होतं. तो चेष्टेत म्हणाला, पण निदान अचूक होतं.

दुसरा नंबर मागच्या स्पीकर, अँप्लिफायर, रिव्हर्स कॅमेऱ्याचा. अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडायची निगेटिव्ह वायर) कुठून घ्यायचा हा प्रश्न पडला की जवळचा बोल्ट सैल करून त्यातच वायर अडकवतात. त्या बोल्टवर फ्लोटचा अर्थ असेल तर आता तो नीट घट्ट नाही. काही गाड्यांत मागच्या दिव्यांचा अर्थ तिथंच असतो. म्हणून ब्रेक दाबला की काटा हलतो. हे लक्षण दिसलं की मी दुसरं काही बघतच नाही.

बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते कधी बसवलं आणि काटा कधी बिघडला, तारखा जुळवून बघा. जुळल्या तर गाडी किटवाल्याकडेच न्या, कुठली वायर कुठं जोडली ते त्यालाच ठाऊक. सीएनजीचा स्वतःचा काटा ही वेगळी गोष्ट आहे. तो गॅसचा दाब मोजतो, आणि भरताना गरम झालेला गॅस निवला की दाब उतरतो. पंपावर फुल आणि घरी पोचेपर्यंत एक दिवा कमी, हे चालायचंच.

आणि उंदीर. ऊस तुटला, थंडी पडली, की शेताकडेच्या घरांतल्या गाड्यांत उंदीर येतातच. सीटखाली शेंगांची टरफलं किंवा लेंड्या दिसल्या तर वायर बघायला दुसरं कारण नको.

थोडा खर्च, थोडी मेहनत

बॅटरीचं टर्मिनल हातानं हलवून बघा. हललं तर घट्ट करा. सगळा डिस्प्ले लुकलुकण्याचं हे पहिलं कारण. मीटर रीसेट करायचा असेल तर गाडी बंद करून निगेटिव्ह टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवता येतं. घड्याळ आणि काचेची ऑटो सेटिंग पुन्हा लावावी लागेल. हायब्रिड गाडीत हे घरी करू नका. रीसेटनं काटा दोन दिवस बरा आणि पुन्हा तसाच, असं झालं तर रीसेट परत परत करत बसू नका.

पाचशे-सहाशे रुपयांत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारा) या कामात फार उपयोगी. फोनवर इंधन पातळी टक्क्यांत दिसते का बघा (सगळ्या गाड्या ती देत नाहीत). दिसत असेल तर सोन्याहून पिवळं. स्कॅनर म्हणतो ५० टक्के आणि डॅशबोर्डवर एकच कांडी, म्हणजे फ्लोट बरोबर सांगतोय आणि मीटर चुकीचं दाखवतोय. दोन्हीकडे सारखीच चूक, म्हणजे दोष टाकीपासून येणाऱ्या सिग्नलमध्ये. बिघाडाचे कोड आले तर टिपून घ्या. पी०४६२ म्हणजे सिग्नल गरजेपेक्षा खाली, पी०४६३ म्हणजे वर, पी०४६४ म्हणजे सिग्नल मधूनमधून तुटतोय. पी०४६४ आणि खड्ड्यात शून्य ही जोडी असेल तर पार्ट बदलायचा विचार सोडा, कपलर शोधा. कोड पुसू मात्र नका. सर्व्हिस सेंटरला तोच पुरावा लागतो.

मागचं सीट काढता येत असेल, गाडी वॉरंटीबाहेर असेल किंवा सीट फक्त क्लिपवर असेल, तर कपलर डोळ्यांनी बघा. पिवळ्या रंगाच्या कपलरला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन. फ्लोटच्या कपलरचं लॉक बसलंय का, पिनांवर हिरवट-पांढरी पूड आहे का, कार्पेट ओलं आहे का, एवढं बघा. पावसात बिघडणाऱ्या गाडीत कार्पेट उचलल्यावर कुबट वास येतो, तिथंच उत्तर असतं. चावी बंद करून कपलर एकदा काढून परत टक आवाज होईपर्यंत बसवा. मल्टिमीटर वापरता येत असेल तर फ्लोटच्या दोन पिनांत रेझिस्टन्स मोजा आणि दुसऱ्याला गाडी मागून हलवायला सांगा. आकडा थोडा खाली-वर होणं ठीक, पेट्रोल हिंदकळतंय. आकडा गायबच झाला, मल्टिमीटरनं तुटलेलं सर्किट दाखवलं, तर पट्टीवर पत्री टेकत नाही किंवा आतली वायर तुटली आहे.

इथं थांबा

घरचं काम इथं संपलं. टाकीवरची मोठी रिंग फिरवून युनिट बाहेर काढणं हे घरी किंवा रस्त्याकडेला करायचं काम नाही. पेट्रोलच्या वाफा कडाक्याच्या थंडीतही पेट घेतात, लाइनमध्ये दाब असतो, आणि सीटखालच्या बंद जागेत एक ठिणगी पुरते. फ्लोटची दांडी थोडी वाकवून काटा 'सेट' करून देतो म्हणणाऱ्यालाही हात लावू देऊ नका. वरच्या अर्ध्यात जुळतं आणि खालच्या अर्ध्यात फसवतं. सीट उचलल्यावर पेट्रोलचा वास आला तर काटा विसरा. चावी लावू नका, दारं उघडी ठेवा आणि टोइंग बोलवा.

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापायला, टेप लावायलाही थांबू नका. थेट सर्व्हिस सेंटर. तिथं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "सर, या मॉडेलला असंच असतं." वाद घालण्यापेक्षा लिटरच्या हिशेबाचा कागद आणि फोटो समोर ठेवा. त्यांच्या स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून फ्लोट काय सांगतोय आणि मीटर काय दाखवतोय हे तुमच्यासमोर बघायला सांगा. त्याच मॉडेलची दुसरी गाडी उभी असेल तर तिचाही. तक्रार जॉब कार्डवर (गाडी घेताना सर्व्हिस सेंटर बनवतं तो कामाचा कागद) तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'फ्युएल गेज चेक करणे' एवढं मोघम नको. 'पाव टाकी दाखवत असताना ३५ लिटर बसले, तीन वेळा' असं हवं. 'दोष आढळला नाही' म्हणून गाडी परत दिली तरी प्रत घ्या.

कंपनीनं तुमची गाडी याच कारणासाठी परत बोलावलेली नाही ना, हेही चॅसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तपासा. मारुती सुझुकीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्रँड विटाराच्या ३९,५०६ गाड्या अशाच कारणानं परत बोलावल्या. ९ डिसेंबर २०२४ ते २९ एप्रिल २०२५ या काळात बनलेल्या त्या गाड्यांत स्पीडोमीटर असेंब्लीतला इंधनाचा दर्शक आणि वॉर्निंग लाइट बरोबर दाखवत नसण्याची शक्यता होती. बदलून देणं फुकट होतं. असा दोष मीटरमध्येच असेल तर बाहेरचा कोणताही इलेक्ट्रिशियन, मीसुद्धा, टाकीकडून कितीही तपासलं तरी काही सापडणार नाही.

पेट्रोलमधल्या गंधकानंही काटे बिघडतात. २००४ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात गंधक जास्त असलेलं पेट्रोल गेलं आणि फ्लोटच्या चांदीच्या काँटॅक्टवर काळा थर चढून रिकाम्या टाक्या फुल दाखवू लागल्या. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) आहे, त्यामुळे नव्या गाडीत हा संशय शेवटचा ठेवा. टाकीत ओतायच्या बाटल्या यासाठी विकत घेऊ नका.

दोन-तीन जॉब कार्ड होऊनही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, म्हणून पहिल्या जॉब कार्डची तारीख जपा.

तोवर गाडी ट्रिप मीटरवर चालवा. अॅव्हरेज १५ आणि टाकी ३७ ची, तर चारशे किलोमीटरला भरायचंच, काटा काहीही म्हणो. आणि शेवटी मीटर बदलून मिळालंच तर जुन्या मीटरवरचे किलोमीटर नव्यात चढवलेत का ते तिथंच बघा, दोन्ही आकडे जॉब कार्डवर लिहून सही-शिक्का घ्या. गाडी विकताना किलोमीटर मागं फिरवले म्हणून घेणारा अडवतो, तेव्हा दाखवायला हा कागदच असतो.